मानधन नको, मजुरी टाका

'मानधन' ह्या शब्दाच्या एकदा सणसणीत कानफटात मारायची आहे. बरीच वर्षं राहून गेलंय.

मीरा रोडच्या नाक्यावर सकाळी आठला जाऊन उभे राहा. गवंडी, बिगारी, रंगारी, टाइल्सवाले ओळीनं बसलेले असतात. ठेकेदार येतो, बोट दाखवतो. बिगाऱ्याचा पहिला सवाल, रोज किती? हे विचारताना त्याची मान खाली जात नाही, जीभ अडखळत नाही. पटलं तर टेम्पोत चढतो, नाही पटलं तर परत बिडी पेटवतो.

मी लिहिणारा. फ्रीलान्स. शब्द बघा साला, नाक्यावरच्या बिगाऱ्याला इंग्रजी कोट चढवला की त्याचा फ्रीलान्स होतो. माझा ठेकेदार म्हंजे संपादक, प्रकाशक, सीरियलवाला, जाहिरातवाला. त्याचा फोन येतो. अडीच हजार शब्द पाहिजेत, गुरुवारपर्यंत. मी विचारतो, सर, किती मिळतील? पलीकडं एकदम चिडीचूप. जसा काय मी त्यांच्या देवघरात चपला घालून शिरलो. मग घसा खाकरून उत्तर येतं, "अहो, देऊ की काहीतरी मानधन."

काहीतरी! बिगाऱ्याला कुणी म्हणून दाखवा, टाक बाबा स्लॅब, देऊ काहीतरी. घमेलं डोक्यात घालील.

माझा बाप भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिश मारायचा. तिकडं स्टीलचं काम मोप. पातेली, डबे, तांबे. मशीनवर भांडं धरायचं, काळी भुकटी उडायची, संध्याकाळी बाप घरी आला की नुसते डोळे आणि दात दिसायचे. काम नगावर. किती नग झाले ते बाप रोज वहीत उभ्या रेघा मारून लिहायचा. चार उभ्या, एक आडवी. बापाला तेवढंच लिहिता येत होतं, पण तेवढं पक्कं होतं. एकदा शेठनं दोन आठवड्यांचा पगार थकवला. बाप आणि आणखी चौघं गाळ्याच्या शटरसमोर बसले. ओरडले नाहीत, घोषणा नाहीत. शेठची गाडी निघायची तर ह्यांच्या अंगावरून काढावी लागली असती. रात्री साडेनऊला पैसे मिळाले. घरी येऊन आईला म्हणाला, "हिसाब झाल्याबिगर उठत नसतो आपण."

त्याचाच पोरगा मी. एम. ए. मराठी. माझा पहिला लेख एका दिवाळी अंकात छापून आला तेव्हा बापानं अंक उलटासुलटा करून बघितला, माझ्या नावावर काळं बोट फिरवलं आणि विचारलं, "पैसं कधी?" मी हसलो. म्हणालो, बाबा, ह्यात पैशाचं नसतं, नाव होतं. बाप काही बोलला नाही, अंक बाजूला ठेवला. तो बाप मरून आता अकरा वर्षं झाली. त्या दिवाळी अंकाचे पैसे अजून यायचेत.

मी का हसलो? बापाला जे कळत होतं ते एम. ए. झालेल्या मला का कळत नव्हतं? ह्याचा छडा लावल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

मराठीत लिहिणं हा धंदा कधी झालाच नाही, कारण लिहिणाऱ्यांना त्याची गरज नव्हती. मराठी साहित्य चाललं ते प्राध्यापकांच्या पगारावर. सचिवालयातल्या, रिझर्व्ह बँकेतल्या, आकाशवाणीतल्या खुर्च्यांवर. एक तारखेला पगार जमा, मग रविवारी दुपारी वामकुक्षीनंतर सरस्वतीची सेवा. अशा माणसाला लेखाचे पन्नास रुपये मिळाले काय, नारळ-शाल मिळाली काय, कुणाची चूल विझत नव्हती. त्यांनीच मग रीत पाडली की लेखकानं पैशाचं बोलू नये. पोट भरलेल्या माणसाची रीत ती, पण ती शालीनता म्हणून खपली. भटजीनं दक्षिणा मागायची नसते, यजमानानं समजून द्यायची असते, तोच हा कावा. फरक इतकाच की भटजीला यजमान समजून देत होता. आम्हांला कोण समजून देणार? आम्ही त्या यजमानाच्या वाड्याच्या दारातच उभे होतो.

आणि आपण तरी कुणाच्या जिवावर लिहिलं? खरं बोलायचं तर दलित साहित्याचा मोठ्यातला मोठा प्रकाशक म्हंजे रिझर्व्हेशन. कुणी बँकेत, कुणी पोस्टात, कुणी रेल्वेत, कुणी महापालिकेत. दिवसा फायली, रात्री कविता. साठ-सत्तरच्या दशकांत लिटल मॅगझिनं निघाली ती ह्याच पगारातून वर्गणी काढून. सायक्लोस्टाइलची शाई, कागद, पोस्टाची तिकिटं, सगळं त्यातनं. म्हणून राजा ढाले 'सत्यकथे'वर तुटून पडू शकले, म्हणून पुण्या-मुंबईच्या मासिकांनी कविता परत पाठवली तरी कुणाचं अडलं नाही. 'तुमचं छापणं घाला चुलीत' असं म्हणायची ताकद पोटातल्या भाकरीतून येते, ती काही हवेतून येत नाही.

ती भाकरी आता गेली. कायम जागा भरत नाहीत. भरल्या तर कंत्राटी. २०२३ साली तर राज्य सरकारनं नऊ कंपन्या नेमून कंत्राटी भरतीचा जीआरच काढला होता. बोंबाबोंब झाली तेव्हा ऑक्टोबरात मागं घेतला. जीआर मागं गेला, कंत्राट काही मागं गेलं नाही. माझ्या वस्तीतली बी. ए., एम. ए., बी. एड. झालेली, नेटसेट पास झालेली पोरं तासावर शिकवतात, मोटरसायकलवर जेवणाचे डबे पोचवतात, आणि ज्यांच्या हातात अक्षर आहे ती माझ्यासारखी लिहून खातात. म्हंजे बाप पॉलिश नगावर मारायचा, पोरगा शब्द नगावर मारतो. एका पिढीत आम्ही गाळ्यातून गाळ्यात आलो.

तर आमचा गाळा कसा चालतो ते ऐका.

भाईंदर पूर्वेला वन आरके, भाड्यानं. अकरा महिन्यांचा करार. घर बघायला गेलो तेव्हा मालकानं पहिलं आडनाव विचारलं. मग विचारलं, नॉनव्हेज खाता का? हा दुसरा प्रश्न पहिल्याचंच पोट. आडनाव पचलं तर तिसरा प्रश्न, नोकरी कुठं? मी म्हणालो, लेखक आहे. तो म्हणाला, ते ठीक, पण नोकरी? सॅलरी स्लिप? अशा चार खोल्या हातच्या गेल्या. पाचव्याला सांगितलं, प्रिंटिंगच्या लाइनीत आहे. खोली मिळाली. बाबूराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ सालचं. साठ वर्षांनी मी भाईंदरात जात आणि धंदा दोन्ही चोरून राहतो.

पहाटे पाणी येतं, ते भरून झालं की लिहायला बसायचं. बायको सातला कामावर निघते, पोरगी साडेसातला शाळेत. टेबल नाही, फ्रीजला पाठ लावून मांडीवर कॉम्प्युटर. फ्रीजची मोटर सुरू झाली की पाठ थरथरते, तेवढीच काय ती मालिश. दिवसभरात काय लिहितो? बिल्डरचं माहितीपत्रक मराठीत आणतो. खाडीचा वास येणाऱ्या बिल्डिंगीला 'निसर्गाच्या कुशीत' म्हणून देतो. औषधाच्या डबीतला कागद मराठी करतो. एका माजी नगरसेवकाचं आत्मचरित्र लिहिलं, त्यात त्याचा संघर्ष मीच तयार केला. शाळेच्या गॅदरिंगला निवेदन. चाळीसाव्याला श्रद्धांजली, साठाव्याला मानपत्र. सीरियलचे संवादही लिहिले. घोडबंदर, नायगावच्या बाजूला सेट पडलेत. रात्री अकराला फोन येतो, उद्या सकाळी सातला सीन पाहिजे, सासूचा टोन बदलला. सासूचा टोन रात्रीत बदलून द्यायचा आणि पैसे नव्वद दिवसांनी. टीव्हीच्या धंद्यात नव्वद दिवसांची उधारी ही रीतच आहे. स्पॉटबॉयपासून सगळ्यांना माहीत. वाण्यानं मला नव्वद दिवसांनी पैसे दे असं अजून म्हटलेलं नाही. एका सीरियलचे नव्वदचे दोनशे दिवस झाले, मग सीरियल बंद, ऑफिस बंद, फोन बंद.

लिहिण्यापेक्षा जास्त वेळ पैसे मागण्यात जातो. हे दुसरं काम, आणि ह्याचे कुणी पैसे देत नाही. आधी मेसेज. 'सर, नमस्कार, आठवण करून देत होतो.' मग दोन निळ्या टिका. मग आठवड्यानं फोन. अकाउंटवाले सुट्टीवर. चेकवर सही करणारे दुबईला. मग खुद्द जायचं. भाईंदर स्टेशनात विरारहून येणारी गाडी भरून येते, दारातले लोक पाय ठेवू देत नाहीत, हे इथल्या माणसाला सांगायला नको. कसाबसा लोंबकळत दादर गाठायचं, तिथनं ऑफिस. रिसेप्शनवरची पोरगी विचारते, अपॉइंटमेंट? संपादक बाहेर येऊन खांद्यावर हात ठेवतो, चहा पाजतो, म्हणतो, काय जबरदस्त लिहिलंयस रे! पैशाचं विचारलं की खांद्यावरचा हात निघतो. आठशे रुपयांसाठी दोन वाऱ्या, अख्खे दोन दिवस बुडाले. हे आठशे आले तेव्हा टीडीएस कापून सातशे वीस आले. म्हंजे सरकारला माझं लिहिणं उत्पन्न म्हणून दिसतं. संपादकाला मात्र ती सेवा दिसते.

आता आमचा सीझन सांगतो. आंब्याचा असतो, मिठागरात मिठाचा असतो, तसा आमचाही आहे. एप्रिल आणि डिसेंबर. मार्च संपत आला की फोन सुरू. चौदा एप्रिलला बाबासाहेबांवर काहीतरी द्या. नोव्हेंबर संपताना परत. सहा डिसेंबरची पुरवणी काढतोय. बाकीचे दहा महिने आम्ही मेलो की जगलो, कुणी विचारत नाही. मी एकदा एका संपादकाला म्हणालो, मला पाण्याच्या टँकरवर लिहायचंय, क्रिकेटवर लिहायचंय, मिठागरं कशी संपली त्यावर लिहायचंय. तो म्हणाला, त्या विषयांना आमची माणसं आहेत. म्हंजे पाणी त्यांचं, क्रिकेट त्यांचं, अर्थसंकल्प त्यांचा, आणि माझ्याकडं फक्त माझी जात. ती पण त्यांना ओली पाहिजे. "तुमची ती वस्तीची भाषा ठेवा बरं का, शिव्याबिव्या असू द्या." शिव्या शब्दाच्या दरातच धरतात, वेगळे पैसे नाहीत. चळवळीत जी भाषा ह्यांच्या अंगावर धावून गेली होती तीच आता पुरवणीत चटणीसारखी लागते.

अण्णाभाऊ साठे आठवतात. दीड दिवस शाळेत गेलेला माणूस. पस्तीसेक कादंबऱ्या, कथा, वग, लावण्या, रशियाचं प्रवासवर्णन. नोकरी नाही, पेन्शन नाही, प्राध्यापकी नाही. लिहून जगायचं. आज ज्याला फ्रीलान्स म्हणतात त्याचा मराठीतला सगळ्यात मोठा माणूस घाटकोपरच्या चिरागनगरात राहत होता. 'फकिरा' १९५९ साली आली, तिला सरकारी बक्षीस मिळालं. कादंबऱ्यांवर सिनेमे निघाले, 'वैजयंता' १९६१ चा. सिनेमावाल्यांनी बंगले बांधले. अण्णाभाऊ १८ जुलै १९६९ ला गेले, दारिद्र्यात गेले. पन्नाशीसुद्धा गाठली नाही. २००२ साली त्यांचं पोस्टाचं तिकीट निघालं, २०२२ साली मॉस्कोत पुतळा बसला. आनंद आहे. मी पण फोटो बघून टाळ्या पिटल्या. पण कुणी सांगेल का, त्या पस्तीस कादंबऱ्यांच्या आवृत्त्यांचा हिशेब कुठल्या वहीत आहे? लेखक मेल्यावर साठ वर्षं हक्क त्याच्या वारसाचा असतो. अण्णाभाऊंचे हक्क २०२९ सालाअखेरपर्यंत जिवंत आहेत. पुतळ्याला हार घालणाऱ्या प्रकाशकांनी जरा खतावण्या उघडाव्यात.

कायदा नाही असं नाही. कायदा आपण वाचत नाही, आणि ते वाचू देत नाहीत. १९५७ चा कॉपीराइट कायदा घ्या. त्याचं कलम १९ प्रत्येक लिहिणाऱ्या पोरानं पाठ करावं. हक्क देणं लेखी पाहिजे, सही पाहिजे, किती रॉयल्टी ते लिहिलेलं पाहिजे. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षांची धरायची. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. हक्क घेऊन वर्षभर नुसता दाबून ठेवला, तर करारात वेगळं काही नसल्यास तो परत तुमचा. म्हंजे फोनवर 'पाठवून द्या' म्हणणाऱ्याला तुमचा लेख कायमचा आंदण मिळत नाही. पुढच्या वर्षी तो त्यांच्या पुस्तकात दिसला तर जाब विचारता येतो. कलम ५७ आहे, लिहिलं त्याचं नाव लावण्याचा हक्क. मी ज्या माजी नगरसेवकाचा संघर्ष लिहिला, तिथं मी हे नाव रोख पंधरा हजारात विकलं. भाडं थकलं होतं. ह्याची लाज मी लपवत नाही.

पत्रकारांसाठी १९५५ चा कायदा होता. वेतन मंडळं आली, मजिठियाच्या शिफारशी २०१४ साली सुप्रीम कोर्टानं उचलून धरल्या. पण तो सगळा नोकरीत असलेल्यांचा मामला. आम्ही कुणाचे नोकर नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, १९५५ चा कायदा त्यात गडप झाला. सामाजिक सुरक्षा संहितेत 'गिग' कामगार आला, आणि परिशिष्टात 'मजकूर व माध्यम सेवा' असाही धंदा घातलाय. तो लेखणीला लागू होणार की नुसत्या ॲपला, ते आपण भांडू तेव्हा ठरेल. डबे पोचवणारी पोरं निदान एकमेकांना चौकात भेटतात, संप करतात. आम्ही लिहिणारे फ्रीजला टेकून एकेकटे. दुसऱ्याला किती मिळतात ते विचारायची चोरी. परवा कळलं, ज्या कामाचे मला शब्दाला चाळीस पैसे मिळाले त्याचेच आडनाव बरं असलेल्या एकाला सव्वा रुपया. तो माझा मित्र. त्यानंही सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.

आणि आता मशीन आलंय. चॅटजीपीटी म्हणतात. भाषांतराचं काम देणारा म्हणतो, मशीननं करून ठेवलंय, तुम्ही फक्त नजर फिरवा, शब्दाला दहा पैसे. फिरवली नजर. पॉलिशखात्याला त्यानं लिहिलं होतं 'चमक विभाग'. सगळं परत लिहावं लागलं, पैसे नजरेचेच मिळाले.

मराठीचं प्रेम मात्र उतू चाललंय. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रानं मराठीला अभिजात दर्जा दिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीत अठ्ठ्याण्णवावं साहित्य संमेलन. जुलै २०२५ मध्ये तर आमच्या मीरा रोडनंच देश हलवला. मराठी बोलण्यावरून एका दुकानदाराला मारहाण, मग व्यापाऱ्यांचा मोर्चा, मग ८ जुलैला मराठीचा मोर्चा, पोलिसांची धरपकड, टीव्हीच्या गाड्या. त्या आठवड्यात मी काय करत होतो? पाट्या करत होतो. मराठी पाट्यांचा कायदा २०२२ सालीच कडक झालाय, पण दुकानदारांना घाई आता झाली. बोर्डवाला ओळखीचा. तो माझ्याकडं यायचा, हे मराठीत कसं लिहायचं? मी सांगायचो. ऱ्हस्व-दीर्घ तपासून द्यायचो. वीसेक पाट्या झाल्या. बोर्डवाल्याला चौरस फुटावर पैसे, वेल्डरला दिवसावर, लाइट लावणाऱ्याला पॉइंटवर. मला कटिंग चहा. मराठी अस्मितेचा अख्खा रस्ता मी कटिंगवर शुद्ध करून दिला. दोस्तहो, मराठी बोलली नाही म्हणून माणसाच्या कानाखाली मारायला मोकळे असणारे, मराठी लिहिणाऱ्याचे पैसे बुडवणाऱ्याच्या दारात एकदा तरी गेलेत का? ते कसे जातील. बुडवणारे संमेलनाच्या मांडवात पहिल्या रांगेत बसलेले असतात. फुल्यांनी १८८५ सालीच त्या ग्रंथकारांच्या सभेचं आमंत्रण परत धाडलं होतं, ते उगाच नव्हे.

इथपर्यंत टाळ्या मिळतील हे मला माहीत आहे. आता ज्यांच्या टाळ्या थांबतील त्यांच्याबद्दल. आपण.

आपल्या चळवळीच्या अंकांनी लिहिणाऱ्याला किती दिलं? छापणाऱ्याला दिलं, कागदवाल्याला रोख दिलं, मांडववाल्याला, डीजेवाल्याला ॲडव्हान्स दिला. कवीला म्हणालो, अरे समाजाचं काम आहे. जयंतीला लाखांची वर्गणी होते, स्टेज उभं राहतं, गाणाऱ्या पार्टीला सुपारी मिळते (मिळालीच पाहिजे), आणि भाषण लिहून देणाऱ्या पोराला बिसलेरीची बाटली. माझ्याकडं गेल्या चौदा एप्रिलला तीन पक्षांच्या पुढाऱ्यांनी भाषणं लिहून घेतली. तिघांच्या तोंडी मीच बोललो. तिघांनी 'जय भीम' करून वाटेला लावलं. बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढला, १९२७ साली 'बहिष्कृत भारत'. पदरमोड केली, एकहाती रकाने भरले. त्या पदरमोडीचा दाखला देऊन आज फुकट लिहून घेणारे स्वतःचा पदर कुठं मोडतात ते दाखवा. स्वतः मोडला तर त्याग, दुसऱ्याचा मोडला तर त्याला वेठ म्हणतात. महारकीच्या वतनात बिनपगारी वेठच होती, आणि ती मोडायला बाबासाहेब आयुष्यभर झगडले. ती वेठ निळा झेंडा लावून परत आणू नका.

म्हणून मी ह्या जानेवारीपासून एक वही केली आहे. बापासारखी. काम सांगितलं कुणी, कधी, किती शब्द, दर किती, पैसे कधी. दर ठरल्याशिवाय पहिली ओळ लिहीत नाही. भाईंदर, नालासोपारा, विरारकडच्या आणखी सहा लिहिणाऱ्यांना वही दाखवली. त्यांनीही केल्या. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी भाईंदर स्टेशनाबाहेर चहाच्या टपरीवर आम्ही सातही वह्या उघडतो आणि एकमेकांचे दर मोठ्यानं वाचतो. पहिल्या रविवारी वाचताना सगळ्यांचे आवाज बारीक झाले होते. एक पोरगी तर रडली, तिला कळलं की चार वर्षं ती निम्म्या दरात राबली. दुसऱ्या रविवारी तिनं तिच्या प्रकाशकाला टपरीवरनंच, आम्हां सहा जणांच्या देखत फोन लावला, स्पीकर चालू ठेवून. तो 'बघू' म्हणाला. ती म्हणाली, बघू नका, आकडा सांगा. आकडा मिळाला. थकलेल्या पैशांसाठी एका ऑफिसाच्या पायरीवर आम्ही सातही जण जाऊन बसलो, घोषणा न देता, बापासारखेच. वॉचमननं पाणी दिलं. संध्याकाळी सहाला अर्धे मिळाले. उरलेल्या अर्ध्यांसाठी पुढच्या सोमवारी परत जायचंय, येणाऱ्यानं डबा घेऊन यावं, तिथलं कँटीन महाग आहे.

हा लेख मागताना ह्या अंकाच्या संपादकानं मानधन म्हटलं. मी फोन ठेवला. त्यानं परत केला, म्हणाला, शब्दाला किती? मी दर सांगितला. तो म्हणाला, एवढे नाहीत, पाचशे रोख देतो, बाकीचे अंक विकून. अर्ध्या पानावर लिहून सही करून दिलं. पाचशे मिळाले. बाकी वहीत मांडलीय.